पानिपतची कापलेली अकरा मिनिटे

६ डिसेंबर २०१९ रोजी 'पानिपत' हा हिंदी चित्रपट देशभर प्रदर्शित झाला. पहिल्या काही दिवसांत ज्यांनी तो पाहिला त्यांनी एक चित्रपट पाहिला आणि नंतर ज्यांनी पाहिला त्यांनी दुसराच. नाव तेच, नटसंच तोच, दिग्दर्शक आशुतोष गोवारीकर हेच. परंतु भरतपूरचे महाराज सूरजमल यांच्या चित्रणावरून राजस्थान व हरियाणात विरोध उसळला, जयपुरात चित्रपटगृहाची मोडतोड झाली, आणि मग निर्मात्यांनी सुमारे अकरा मिनिटांचा भाग काढून टाकून छाटलेल्या प्रतीला नव्याने मंजुरी मिळविली. तिकिटाचा दर मात्र छाटला गेला नाही.

या घटनेला आता काही वर्षे लोटली. तरीही तिच्याकडे पुन्हा वळण्याचे कारण आहे. ऐतिहासिक चित्रपट, त्यांच्या मालिका, जुन्या कथांच्या नव्या आवृत्त्या आणि आवृत्त्यांतील फेरफार यांवरून लोकांत होणारे वाद कमी झालेले नाहीत. ते अधिक कडवट झाले आहेत. 'आमचा' वीर, 'आमची' कथा यात कोणी बदल केला, हा प्रश्न आज चहाच्या टपरीपासून विधिमंडळापर्यंत विचारला जातो. अशा वेळी जनतेत काम करणाऱ्या कार्यकर्त्याने 'हे सारे करमणुकीचे वाद आहेत' असे म्हणून पाठ फिरविणे म्हणजे मैदान प्रतिगामी शक्तींना मोकळे सोडणे होय.

प्रथम सूरजमल यांची बाजू. चित्रपटात त्यांनी मराठ्यांना मदत देण्याच्या मोबदल्यात आग्र्याचा किल्ला मागितला आणि तो न मिळाल्याने साथ सोडली, असे दाखविले होते. आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे निराधार नव्हते. १७६० च्या उन्हाळ्यात सूरजमल मराठ्यांबरोबर दिल्लीपर्यंत होते. बायकामुले, यात्रेकरू आणि जड सामान मागे सुरक्षित ठिकाणी ठेवावे व गनिमी काव्याने लढावे, हा त्यांचा सल्ला सदाशिवराव भाऊंनी मानला नाही, असे परंपरागत वृत्तान्त सांगतात. त्यांच्यात बिनसले ते एका किल्ल्यावरून नव्हे, त्याला अनेक कारणे होती. आणि १४ जानेवारी १७६१ च्या संहारानंतर उपाशी, जखमी, अंगावर धड वस्त्र नसलेले मराठे दक्षिणेकडे निघाले, तेव्हा त्यांना अन्न, वस्त्र आणि आसरा दिला तो याच जाट राज्याने. पार्वतीबाईंनाही तेथे आश्रय मिळाला. बाजीराव व मस्तानी यांचा पुत्र शमशेरबहाद्दर याचा अंत त्याच मुलखात झाला. ज्या घराने पराभूतांच्या जखमा बांधल्या त्याच्यावर पडद्यावर सौदेबाजीचा ठपका येतो, तेव्हा भरतपूरच्या शेतकऱ्याला राग येणे समजण्यासारखे आहे. मराठी प्रेक्षकालाही तो यायला हवा होता. पण महाराष्ट्रात याविषयी फारसे कोणी बोलले नाही, हेही नमूद केले पाहिजे.

परंतु राग येणे वेगळे आणि त्या रागाचा उपयोग करणे वेगळे. राजस्थानात तेव्हा सत्तारूढ असलेल्या आणि विरोधात बसलेल्या अशा दोन्ही पक्षांच्या पुढाऱ्यांनी आक्षेपाला दुजोरा दिला. सूरजमल यांचे खरे चरित्र लोकांपुढे मांडावे, भरतपूरच्या मदतीची कागदपत्रे छापावीत, व्याख्याने द्यावीत, असे कोणाला सुचले नाही. मागणी एकच होती: प्रसंग कापा अथवा चित्रपट बंद करा. आणि कात्री चालली तेव्हा प्रेक्षकाच्या पदरात सत्य पडले नाही. पडली ती एक पोकळी. कापलेल्या जागी सूरजमल यांचे औदार्य आले असते तर इतिहासाची काही सेवा झाली असती. तसे झाले नाही.

मराठी माणसाच्या दृष्टीने तर पानिपतची 'मूळ आवृत्ती' कोणती, हाच प्रश्न अवघड आहे. मराठीत 'पानिपत' हे गावाचे नाव उरलेलेच नाही. ते सर्वनाशाचे सामान्यनाम झाले आहे. निवडणुकीत अनामत जप्त झाली तरी 'पानिपत झाले' म्हणतात. खऱ्या पानिपतात राहणाऱ्या, जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्यांपासून सूत कातून ब्लँकेटे विणणाऱ्या मजुराला हे सांगितले तर त्याला नवलच वाटेल. भाऊसाहेबांची बखर एक पानिपत सांगते. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेला काशीराज फारसीत दुसरे सांगतो. त्र्यंबक शंकर शेजवलकरांनी १९४६ मध्ये कागदपत्रांच्या आधारे तिसरे उभे केले, आणि १९८८ मध्ये आलेल्या विश्वास पाटील यांच्या कादंबरीने ते घरोघर पोहोचविले. पराभवाची मानखंडना शौर्यगाथेत रूपांतरित करण्याचे काम या शेवटच्या आवृत्तीने सर्वाधिक केले. २०१९ च्या चित्रपटाचे मराठी समर्थक आणि टीकाकार दोघेही बहुधा याच कादंबरीच्या मापाने त्याला मोजत होते. खुद्द कादंबरीकारांनीही आपल्या कृतीचा वापर झाल्याची तक्रार घेऊन न्यायालय गाठले होते.

शेवट बदलून मागणारा प्रेक्षकही काही आजचा नाही. भाऊ रणात पडले, पण ते पडले यावर विश्वास ठेवायला महाराष्ट्र तयार नव्हता. पार्वतीबाईंनी अखेरपर्यंत वैधव्य स्वीकारले नाही. या अविश्वासातूनच भाऊंचा तोतया निर्माण झाला. कनौजकडील सुखनिधान नावाचा हा माणूस स्वतःला सदाशिवराव म्हणवीत राहिला, कैदेत पडला, आणि १७७६ मध्ये रत्नागिरीच्या कैदेतून सुटून त्याने कोकणात हजारो लोक जमविले. किल्ल्यांमागून किल्ले त्याच्या स्वाधीन झाले. पुढे तो आंग्र्यांच्या हाती सापडला आणि पुण्यास त्याला देहदंड झाला. त्याच्यामागे गेलेले सगळेच भोळे होते असे मानण्याचे कारण नाही. पेशवाईच्या कारभाराला कंटाळलेले, पगार थकलेले, नव्या कारभाऱ्यांवर राग असलेले लोकही त्यांत असणारच. 'भाऊ परत आले' ही कथा त्यांना हवी होती, कारण वर्तमान त्यांना नको होते. आवडत्या कथेचा शेवट बदलावा असे प्रेक्षकाला का वाटते, याचे उत्तर शोधणाऱ्याने नरसिंह चिंतामण केळकरांनी ज्यावर नाटक लिहिले त्या या बंडापासून आरंभ करावा.

चित्रपटांत तर एकच कथा पुनःपुन्हा नव्याने सांगण्याची परंपरा बोलपटाहून जुनी आहे. तानाजी मालुसऱ्यांचेच पाहा. १९२३ मध्ये बाबूराव पेंटरांनी 'सिंहगड' हा मूकपट काढला. १९३३ मध्ये 'प्रभात'साठी व्ही. शांताराम यांनी त्याच नावाचा बोलपट काढला. २०२० मध्ये हिंदीत 'तान्हाजी' आला आणि २०२३ मध्ये मराठीत 'सुभेदार'. हरि नारायण आपट्यांच्या कादंबरीने घालून दिलेला साचा या सर्वांच्या मागे कमीअधिक प्रमाणात आहे. घोरपड दाखवली नाही तर प्रेक्षक हिरमुसतो, दाखवली तर इतिहासाचा अभ्यासक कपाळाला हात लावतो. येथवर हा वाद निरोगी आहे. चार माणसे चित्रपट पाहून येतात, आजीने सांगितलेली गोष्ट वेगळी होती म्हणून भांडतात, कोणी पुस्तक उघडतो. बिघाड होतो तो पुढे. उदयभान हा मोगलांच्या चाकरीतला राजपूत किल्लेदार होता, ही साधी गोष्ट 'तान्हाजी'तील क्रूरकर्म्याच्या झगमगाटात दबून जाते आणि सरंजामी सत्तांमधील संघर्ष दोन धर्मांच्या युद्धाच्या रूपात प्रेक्षकाच्या मनावर ठसविला जातो.

दिग्पाल लांजेकर यांच्या शिवकालीन चित्रमालिकेने, 'फर्जंद'पासून 'सुभेदार'पर्यंत, मराठीत सातत्याची नवीच अपेक्षा निर्माण केली. तीच पात्रे, तेच चेहरे, एका चित्रपटातून पुढच्यात. शिवाजी महाराजांची भूमिका चिन्मय मांडलेकर यांची. प्रेक्षकाला तो चेहरा परिचित झाला, आवडला. परंतु २०२४ मध्ये त्यांच्या मुलाच्या नावावरून समाजमाध्यमांवर त्यांच्या कुटुंबावर चिखलफेक झाली आणि ही भूमिका यापुढे करणार नाही असे त्यांना जाहीर करावे लागले. भूमिकेचे सातत्य कलावंताच्या घरातील पाळण्यापर्यंत ताणणारा हा 'चाहता' कोण? त्याला चित्रपटाशी कर्तव्य नाही, इतिहासाशी तर नाहीच. स्वराज्याच्या आरमारात आणि तोफखान्यात मुसलमान अधिकारी होते हे त्याला कोणी सांगितलेले नाही, किंवा सांगितले तरी ऐकायचे नाही.

२०२५ च्या 'छावा'ने याचीच पुढची पायरी दाखविली. प्रदर्शनापूर्वी संभाजी महाराजांचे लेझीमनृत्य आक्षेपानंतर काढण्यात आले. प्रदर्शनानंतर शिर्के घराण्याच्या वंशजांनी आपल्या पूर्वजांना फितूर ठरविल्याची तक्रार केली आणि दिग्दर्शकांनी क्षमा मागितली. मार्चमध्ये नागपुरात दंगल पेटली तेव्हा या चित्रपटाने लोकभावना प्रज्वलित केल्याचे खुद्द मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत म्हटले. त्याच महिन्यात मध्य प्रदेशातील असीरगडाजवळ गावकरी रात्री बॅटऱ्या घेऊन मोगलांचे सोने शोधण्यासाठी शेते खणत होते. हसू येते, पण शेतमालाला भाव नसलेल्या मुलखात पडद्यावरचा खजिना लोकांना शेतात दिसू लागतो, यात हसण्यासारखे थोडेच आहे.

आणि आता 'फुले'. जोतिराव व सावित्रीबाईंच्या जीवनावरील हा हिंदी चित्रपट ११ एप्रिल २०२५ रोजी, जोतिरावांच्या जयंतीस, प्रदर्शित व्हायचा होता. ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतले, प्रमाणन मंडळाने बदल सुचविले, आणि चित्रपट २५ एप्रिलला आला. वृत्तपत्रांत प्रसिद्ध झालेल्या बदलांत जातींची नावे, पेशवाईचा आणि मनूच्या व्यवस्थेचा उल्लेख गाळण्याचा समावेश होता. तीन हजार वर्षांच्या गुलामगिरीचा निर्देश मोघम करण्यास सांगण्यात आले होते. महार आणि मांग हे शब्द वगळून जोतिरावांच्या शाळेची कथा सांगायची ती कशी? ती शाळा कोणासाठी होती? १९५४ मध्ये आचार्य अत्र्यांनी 'महात्मा फुले' काढला, तेव्हा पडद्यावर जे बोलता आले ते एकाहत्तर वर्षांनंतर मोघम करावे लागावे, याचा विचार ज्याचा त्याने करावा. सूरजमल यांच्या प्रकरणात ज्यांना कात्री योग्य वाटली त्यांनी हेही पाहावे की कात्री एकदा टेबलावर ठेवली की ती ज्याचे बळ अधिक त्याच्याच हाती जाते.

कात्रीचे आणखी एक रूप आहे, आणि त्याला जमावही लागत नाही. १ ऑगस्ट २०२५ रोजी 'रांझणा' या २०१३ च्या चित्रपटाची तमिळ आवृत्ती 'अंबिकापती' पुन्हा प्रदर्शित झाली. मूळ चित्रपटात नायक मरतो. नव्या आवृत्तीत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने त्याला जिवंत करण्यात आले. दिग्दर्शक आनंद राय आणि नायक धनुष या दोघांनीही जाहीर निषेध केला. पण भारतीय कॉपीराइट कायद्यात चित्रपटाचा 'कर्ता' निर्माता मानला जातो. लिहिणारे, दिग्दर्शन करणारे, अभिनय करणारे, प्रकाशयोजना सांभाळणारे हात त्या व्याख्येत येत नाहीत. तोतयाला निदान स्वतःच्या जिवाची किंमत मोजावी लागली होती. येथे यंत्राने केलेला तोतया भांडवलदाराच्या मालकीचा आणि कायद्याने निर्वेध.

याच्या उलट 'शोले'चे उदाहरण. १९७५ मध्ये, आणीबाणीच्या काळात, ठाकूर गब्बरला मारतो हा शेवट सेन्सॉरच्या आग्रहाने बदलण्यात आला आणि ऐनवेळी पोलीस आणून उभे करण्यात आले. पन्नास वर्षे प्रेक्षकाने तोच शेवट पाहिला आणि त्यालाच मूळ मानले. २०२५ मध्ये पुनरुज्जीवित प्रत इटलीतील बोलोन्या येथे दाखविली गेली, तेव्हा दिग्दर्शकाने मुळात चित्रित केलेला शेवट परत आला. हाही बदलच, परंतु काढून घेतलेले परत देणारा. जुनी प्रत ज्यांना प्रिय आहे त्यांनी ती पाहावी. दोन्ही उपलब्ध असल्या म्हणजे वाद घालण्यास आधार राहतो. 'पानिपत'च्या अकरा मिनिटांबाबत हीच मागणी व्हायला हवी होती. छाटलेल्या प्रतीवर ती छाटलेली आहे असे स्पष्ट लिहावे, कोणाच्या सांगण्यावरून व कोणत्या तारखेला छाटली तेही लिहावे, आणि मूळ प्रत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात अभ्यासकांना खुली असावी.

ही मागणी लढविण्याची परंपराही पानिपतच्याच मातीतली आहे. ख्वाजा अहमद अब्बास यांचा जन्म १९१४ मध्ये पानिपतचा, कवी हालींच्या कुळातला. १९४७ मध्ये त्या गावातील मुस्लिम वस्ती जवळजवळ संपूर्ण उठून गेली आणि पलीकडून आलेल्या निर्वासितांनी तेथे माग घातले. अब्बास तोवर मुंबईत होते, इप्टाच्या संस्थापकांत होते, 'धरती के लाल' त्यांनी पूर्ण केला होता. पुढे मुंबई, कलकत्ता, मद्रास व दिल्ली येथील श्रीमंती आणि दारिद्र्य शेजारीशेजारी दाखविणारा 'चार शहर एक कहानी' हा त्यांचा अनुबोधपट सेन्सॉरने अडविला. वेश्यावस्तीतील काही दृश्ये कापल्याशिवाय सर्वांसाठी प्रमाणपत्र देण्यास नकार मिळाला. अब्बास सर्वोच्च न्यायालयात गेले. सुनावणी चालू असता सरकारने एकही दृश्य न कापता प्रमाणपत्र देण्याची तयारी दर्शविली. चित्रपट सुटला होता, घरी जाता आले असते. अब्बास गेले नाहीत. प्रश्न एका चित्रपटाचा नव्हे, पूर्वपरीक्षणाच्या अधिकाराचाच आहे, अशी त्यांनी याचिका दुरुस्त केली.

सप्टेंबर १९७० च्या निर्णयात न्यायालयाने पूर्वपरीक्षण वैध ठरविले. पण निकष संदिग्ध असू नयेत आणि कलामूल्य विचारात घेतले जावे हेही बजावले. कार्यपालिकेच्या वर अपिलाची स्वतंत्र सोय असावी हा मुद्दा याच खटल्याने पुढे आणला. ते न्यायाधिकरण १९८३ मध्ये अस्तित्वात आले आणि एप्रिल २०२१ मध्ये एका वटहुकुमाने रद्द झाले. त्यानंतर मंडळाच्या कात्रीविरुद्ध दाद मागायची तर थेट उच्च न्यायालयाचा दरवाजा ठोठावावा लागतो. मोठ्या निर्मात्याला ते परवडते, तरी तो सहसा तडजोडच करतो. लहान निर्मात्याला वकिलाचे शुल्कच झेपत नाही.

दरवर्षी १४ जानेवारीला पानिपतच्या काला आंब येथे महाराष्ट्रातून लोक जातात. स्वतःला पानिपतावरून मागे राहिलेल्या मराठ्यांचे वंशज मानणारे हरियाणातील रोड समाजाचे लोकही तेथे जमतात. २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने तेथे स्मारक उभारण्याचे जाहीर केले आहे. त्या स्मारकाच्या भिंतींवर कोणते पानिपत कोरले जाणार, सूरजमल यांनी दिलेल्या अन्नवस्त्राला त्यात जागा असणार का, आणि मराठ्यांचा तोफखाना ज्याच्या हाती होता त्या इब्राहिमखान गारद्याला किती ओळी मिळणार, हे विचारण्याची वेळ दगड बसविण्यापूर्वीची आहे.