दिएगो गार्सिया : शांतता क्षेत्रातला परकीय तळ

कन्याकुमारीच्या दक्षिणेला सुमारे १,८०० किलोमीटरवर चागोस हा प्रवाळबेटांचा समूह आहे. त्यातले सर्वांत मोठे बेट दिएगो गार्सिया. जमीन जेमतेम २७ चौरस किलोमीटर. पण तिच्या कुशीत मोठी जहाजे नांगरता येतील एवढे खोल, शांत पाणी आहे आणि तिच्यावर ३,६०० मीटरांहून लांब धावपट्टी. अमेरिकेचा हा तळ हिंदी महासागराच्या काठावरच्या देशांनी एकत्र बसून मागितलेला नाही. तो वॉशिंग्टन आणि लंडन यांच्यातल्या पत्रव्यवहारातून आला.

नोव्हेंबर १९६५ मध्ये ब्रिटनने चागोस बेटे मॉरिशसपासून तोडून त्यांची वेगळी वसाहत केली. मॉरिशस अजून पारतंत्र्यात होता. स्वातंत्र्य मिळायचे होते १९६८ मध्ये. वसाहतीचे असे तुकडे पाडू नयेत, हे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर १९६५ मध्येच बजावले होते. ब्रिटनने ते कानाआड केले आणि १९६६ च्या अखेरीस बेट ५० वर्षांसाठी अमेरिकेच्या हवाली केले. मोबदला म्हणून पोलॅरिस क्षेपणास्त्रांच्या खरेदीत १ कोटी ४० लाख डॉलरची सूट मिळाली. हा व्यवहार दोन्ही देशांच्या लोकप्रतिनिधींपासूनही झाकून ठेवला होता.

बेटांवर माणसे राहत होती, ही अडचण उरली. नारळाच्या मळ्यांत पिढ्यानपिढ्या राबलेल्या या लोकांना कागदोपत्री ‘कंत्राटी मजूर’ ठरवण्यात आले, कारण कायमचे रहिवासी म्हटले की त्यांचे हक्क आले. १९६७ ते १९७३ या काळात दीड ते दोन हजार जणांना मॉरिशस आणि सेशेल्समध्ये नेऊन सोडले. उपचारासाठी मॉरिशसला गेलेल्यांना परतीचे जहाज नाकारले. उरलेल्यांचा धान्यपुरवठा आटवला. त्यांचे कुत्रे विषारी वायूने मारले. मराठी मुलखातून ऊसमळ्यांवर गेलेल्या गिरमिटियांचे वंशज ज्या मॉरिशसमध्ये आज नांदतात, तिथेच पोर्ट लुईच्या गरीब वस्त्यांत या विस्थापितांनी दिवस काढले. तळ कोणाचे रक्षण करतो, हा प्रश्न विचारताना ही माणसे आधी मोजली पाहिजेत.

तळामुळे सुरक्षितता वाढली का? इतिहास तसे सांगत नाही. मार्च १९७१ मध्ये बांधकाम सुरू झाले. त्याच वर्षी १६ डिसेंबरला, ढाक्यात पाकिस्तानी फौजा शरण आल्या त्या दिवशी, श्रीलंकेच्या पुढाकाराने आमसभेने हिंदी महासागर ‘शांतता क्षेत्र’ जाहीर केला. अमेरिका आणि सोव्हिएत संघ दोघेही मतदानात तटस्थ राहिले. भारतावर दबाव आणायला निघालेला एंटरप्राइज या अमेरिकी विमानवाहू जहाजाचा ताफा त्या वेळी बंगालच्या उपसागरात होता. पुढे सोव्हिएत नौदलाने सोमालियात बर्बेरा येथे बस्तान मांडले. सोव्हिएत जहाजे आहेत म्हणून दिएगो गार्सिया वाढवायचा, आणि दिएगो गार्सिया वाढतो आहे म्हणून सोव्हिएत जहाजे आणायची, असे हे चक्र होते. १९७७ मध्ये दोघांनी या महासागरातले बळ मर्यादित ठेवण्याची बोलणी सुरू केली; वर्षभरात ती थांबली.

शीतयुद्ध संपले, सोव्हिएत संघ नकाशावरून गेला, तळ मात्र राहिला. १९९१ मध्ये इराकवर, २००१ मध्ये अफगाणिस्तानवर आणि २००३ मध्ये पुन्हा इराकवर बॉम्बफेकी विमाने इथूनच झेपावली. २००२ मध्ये बंदिवानांना गुप्तपणे नेणारी दोन अमेरिकी विमाने इथे उतरली होती, याची कबुली ब्रिटिश सरकारने २००८ मध्ये दिली; आधी अनेकदा इन्कार केल्यानंतर. या युद्धांचे निर्वासित आणि तेलाचे भडकलेले भाव काठावरच्या देशांच्या वाट्याला आले.

सागरी व्यापाराच्या रक्षणासाठी तळ हवा, असे त्याचे समर्थक म्हणतात. सोमाली चाच्यांचा उपद्रव वाढला तेव्हा एडनच्या आखातात अनेक देशांची जहाजे गस्तीला गेली. भारतीय नौदलही २००८ पासून तिथे आहे. गस्तीला लागतात जहाजे आणि आपसातला समन्वय. बी-५२ बॉम्बफेकी विमानांनी चाचे पकडले जात नाहीत.

एक तळ दुसऱ्याला निमित्त पुरवतो. २०१७ मध्ये चीनने परदेशातला आपला पहिला तळ जिबूतीत उघडला, तोही अमेरिकी तळापासून थोड्याच अंतरावर. भारताची भूमिकाही बदलली. शांतता क्षेत्राचा एकेकाळचा खंदा पुरस्कर्ता २०१६ मध्ये अमेरिकेशी परस्परांचे तळ वापरण्याचा करार करून बसला, आणि मॉरिशसच्या अगालेगा बेटावर भारतीय पैशातून बांधलेल्या धावपट्टीचे २०२४ मध्ये उद्‌घाटन झाले. चीनची भीती खोटी नाही. पण तिच्यापायी जुना आक्षेप गिळून टाकल्यावर जिबूतीतल्या चिनी तळाला कोणत्या तत्त्वावर विरोध करणार?

आंतरराष्ट्रीय न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये १३ विरुद्ध १ मतांनी सल्ला दिला की चागोस तोडणे बेकायदा होते आणि ब्रिटनने तिथला कारभार लवकरात लवकर आवरावा. मे महिन्यात आमसभेने ११६ विरुद्ध ६ मतांनी त्याला दुजोरा दिला. भारतही त्या ११६ मध्ये होता. २२ मे २०२५ रोजी ब्रिटन आणि मॉरिशस यांनी करारावर सह्या केल्या. त्यानुसार सार्वभौमत्व मॉरिशसचे. दिएगो गार्सिया मात्र ९९ वर्षे ब्रिटनकडे, वर्षाला सरासरी १० कोटी १० लाख पौंड भाड्याने. विस्थापितांना इतर बेटांवर वसवण्याची मुभा मॉरिशसला आहे, दिएगो गार्सियावर नाही. तळावरून तिसऱ्या देशावर थेट हल्ला झाला तर ब्रिटनने ते मॉरिशसला तत्परतेने कळवायचे आहे. संमती घेण्याचे बंधन नाही. भारताने कराराचे स्वागत केले. या कलमाबद्दल आक्षेप घेतला नाही. तो घ्यावा, आणि हल्ल्यासाठी तळ वापरण्याआधी मॉरिशसची लेखी संमती बंधनकारक करावी, अशी मागणी दिल्लीने उघडपणे करावी.