भाकरी थापताना ऐकलेली गाणी

"व्हय गं, गाणं ऐकाया मुंबैला जायाचं?" सासूबाईंनी विचारलं, तेव्हा खरं तर माझ्याकडेही उत्तर नव्हतं. लग्न नाही, बारसं नाही, देवदर्शन नाही, पोरांची परीक्षा नाही. नुसतं गाणं. शेवटी म्हटलं, "आत्या, आपल्या कसबा बावड्याच्या डी. वाय. पाटलांच्या स्टेडियममध्ये आहे." ते नाव घरचं, त्यामुळे परवानगी मिळाली. मैत्रिणींनो, चाळिशी ओलांडलेली, बचत गटाचे हिशेब सांभाळणारी बाई मी, आणि गाणं ऐकायला मला गाववाल्याचा दाखला द्यावा लागला!

ही गोष्ट १५ डिसेंबर २०१९ च्या रविवारची. आयर्लंडच्या 'यू-टू' या रॉक बँडचा भारतातला पहिलाच कार्यक्रम नवी मुंबईत नेरूळला होता. 'द जोशुआ ट्री' हा त्यांचा १९८७ सालचा गाजलेला अल्बम. त्याला तीस वर्षं झाली म्हणून २०१७ मध्ये त्यांनी तो सगळाच्या सगळा, त्याच क्रमानं रंगमंचावर गायला सुरुवात केली. २०१९ मध्ये तोच दौरा पुन्हा निघाला आणि त्याचा शेवट आपल्याकडे झाला.

माझा आणि या अल्बमचा संबंध काय, तर दादाची कॅसेट. दादा कोल्हापूरला इंजिनिअरिंगला होता. सुट्टीला गडहिंग्लजला घरी आला की सोप्यात टेपरेकॉर्डर लावायचा. कॅसेटवर वाळवंटात उभ्या असलेल्या चार गंभीर माणसांचा काळा-पांढरा फोटो. मी आत भाकरी थापत असायची. पहिल्या गाण्याआधी बराच वेळ नुसता ऑर्गन, मग लांबून पाऊस येत असल्यासारखी गिटार. शब्द एकही कळायचा नाही, पण हात आपोआप त्या ठेक्यावर पडायचा. दादा मित्रांना त्या गाण्यांबद्दल तासभर सांगायचा. मला कधी बस म्हणाला नाही, आणि मीही कधी काठवट सोडून बाहेर आले नाही.

नेरूळचं तिकीटसुद्धा माझं नव्हतंच. वहिनीची आई आजारी पडली, म्हणून ते मोकळं झालं. रातची लक्झरी पकडून मी गेले. बसमध्ये दादानं पाठवलेले गाण्यांचे अर्थ मोबाईलवर वाचत होते. पहिलं गाणं आहे रस्त्यांना नावंच नसलेल्या जागेचं. बेलफास्टमध्ये माणूस कुठल्या रस्त्यावर राहतो एवढं कळलं, की त्याचा धर्म आणि ऐपत ओळखता येते, असं गायक बोनोनं या गाण्याबद्दल सांगितलं होतं. मनात आलं, आपल्याकडे तर गल्लीच्या नावावरून जातही कळते!

स्टेडियमचं वर्णन करत बसत नाही. पडदा एवढा मोठा, की आमच्या मुरगूडची अख्खी पेठ त्यात मावली असती. खाण कामगारांच्या गाण्याला पडद्यावर पितळी वाद्यांचा ताफा वाजवताना दिसला, आणि मला आपले वरातीतले बँडवाले आठवले. ए. आर. रहमान आपल्या दोन मुलींना घेऊन आले, तेव्हा तर सगळं मैदान ओरडलं. मीसुद्धा ओरडले. आयुष्यात इतक्या मोठ्यानं मी फक्त पोरांवर ओरडले असेन.

पण सांगायचंय ते अल्बममधल्या शेवटच्या गाण्याबद्दल. अर्जेंटिनात १९७६ ते १९८३ लष्करी राजवट होती. तिनं हजारो तरुण मुलं-मुली उचलून नेली, ती परत आलीच नाहीत. १९७७ पासून त्यांच्या आया डोक्याला पांढरा रुमाल बांधून राजधानीच्या चौकात दर गुरुवारी फेऱ्या मारू लागल्या. हातात पोरांचे फोटो, आणि विचारणं एकच, आमची लेकरं कुठं आहेत? त्या घरच्याच बाया होत्या, आपल्यासारख्या. त्यांचं हे गाणं चालू असताना पडद्यावर मेणबत्त्या घेतलेल्या बायकांची रांग उभी होती. शेजारची पोरं मघापासून नाचत होती, तीही गप्प झाली. भाकरी थापताना हेच गाणं मी कितीदा ऐकलं होतं, आणि ते आयांचं आहे हे मला पंचवीस वर्षांनी कळत होतं.

नंतर एका गाण्याला कर्तृत्ववान बायकांचे चेहरे आले. त्यात गौरी लंकेश होत्या, २०१७ मध्ये बेंगळुरूत दारातच गोळ्या घालून मारलेल्या पत्रकार. कोल्हापूरच्या माणसाला तो चेहरा बघून गोविंद पानसरे आणि उमाताई आठवल्याशिवाय राहत नाहीत. १६ फेब्रुवारी २०१५ ची ती सकाळ आम्ही विसरलेलो नाही.

आणखी एक गोष्ट, तुम्हाला बारीक वाटेल. त्या हजारोंच्या गर्दीत, अनोळखी पुरुषांमध्ये मी दोन तासांच्या वर उभी होते. एक धक्का लागला नाही. आणि आपल्याकडे? जत्रेत ऑर्केस्ट्रा आला की बाया गच्चीवरून बघणार, नाहीतर मागं अंधारात उभ्या राहणार, आणि पहिल्या शिट्टीला घरी. संध्याकाळपासून पाणी पीत नाहीत, कारण जायचं कुठं? 'बायकांना आवड नसते' असं म्हणणाऱ्यांनी आधी या पाण्याचा हिशेब करावा.

आल्यावर हे बोलायचं ठरवलं, तोवर कोरोना आला. २०२२ च्या गणपतीत गल्लीतल्या मंडळाच्या पोरांना गाठलं. म्हटलं, ऑर्केस्ट्रा खुशाल ठेवा, पण पुढच्या दोन रांगा बायकांच्या, आणि जवळच्या शाळेचं स्वच्छतागृह उघडं पाहिजे. रांगांना लगेच हो म्हणाली. किल्लीसाठी मात्र रात्री नऊपर्यंत चार फोन करावे लागले.

दोन रांगा कमी पडल्या, तिसरी मांडली. दहाच्या ठोक्याला गाणारे आवरायला लागले, तशी मी सासूबाईंना उठवायला गेले. पहिल्या रांगेत, प्लास्टिकच्या खुर्चीवर पाय वर घेऊन बसल्या होत्या. माझा हात बाजूला करत म्हणाल्या, "थांब की गं. अजून एक म्हणू दे त्यास्नी."