फेट्याशिवायचं खेडं

हल्ली शहरात नवा फ्लॅट घेतला की हॉलमध्ये एक खेडं टांगायची पद्धत आहे. फेटेवाला म्हातारा, बैलगाडी, डोक्यावर घागरी घेतलेली बाई. फ्रेमच्या दुकानात हे खेडं सोफ्याच्या मापात मिळतं. वैजापूर-कन्नडहून येऊन शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणाऱ्यांच्या घरी ते दिसलं की मला जास्त खटकतं. त्यांच्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो आणि पाणी निळ्या प्लास्टिकच्या ड्रमात भरतात. ते कोण रंगवणार?

अशा वेळी कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहमान आठवतात. घरात कुराणाच्या हस्तलिखित प्रती करण्याची परंपरा. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये छायाप्रकाश, यथार्थदर्शन असं विलायती वळणाचं शिक्षण घेतलं, पण मुंबईत बस्तान न बसवता ते गावी परतले. शाहू महाराजांचा आश्रय मिळाला. कोटितीर्थाच्या काठी राहून तेच तळं, तोच रंकाळा, तीच पंचगंगा ते पुन्हा पुन्हा रंगवत राहिले.

१९२२ साली महाराज गेले. त्या दुःखात आबालालांनी आपली चित्रं कोटितीर्थात बुडवली, असं सांगतात. चित्रांचा आकडा सांगणाऱ्यागणिक फुगतो. या दंतकथेनं चित्रकाराचं नुकसानच केलं, असं माझं मत आहे. हळहळणारे पुष्कळ, कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात जाऊन उरलेली चित्रं निरखणारे किती?

त्या चित्रांचा खरा नायक उजेड आहे. झाडाचा हिरवा ट्यूबमधून थेट आलेला नाही. जवळ गेलं की नुसते बारीक बारीक फटकारे, दोन पावलं मागे सरलं की पानं. खेडं ओळखू यावं म्हणून फेटा लागत नाही.

याच कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी कुंचल्याच्या जोडीला कॅमेरा घेतला आणि १९२५ मध्ये 'सावकारी पाश' हा चित्रपट काढला. कर्जात जमीन गेलेला शेतकरी शहरात मजूर होतो. मराठवाड्याला ही गोष्ट समजावून सांगायला नको.

आपल्याकडे चित्रकलेची मुलं मकबरा, पाणचक्की, दौलताबाद रंगवतात. वास्तू छान उतरते. पण काळ्या रानाचाही रंग उडवणारं मे महिन्यातलं पांढरंफटक ऊन कागदावर क्वचितच येतं. मास्तरांनी सहीखाली वेळ लिहायला लावावी: सकाळचे सात की दुपारचा दीड. मग लपवाछपवी चालणार नाही.