वामन पडद्यावर कधी येणार?

आमच्या होस्टेलवर दोनच प्रकारच्या सिनेमांवर चर्चा झडतात. एक येऊन गेलेला आणि दुसरा येणार असलेला. मी मात्र तिसऱ्याच सिनेमाची वाट बघतोय. पोस्टर नाही, ट्रेलर नाही, हिरो कोण तेही ठरलेलं नाही, तरी वाट बघतोय! मेसमध्ये हा विषय काढला की मंडळी ताट उचलून दुसऱ्या टेबलावर जातात. म्हणून म्हटलं, अंकातच लिहावं. इथून कोण उठून जाणार?

सिनेमा कशावरचा? जयंत नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’ या कादंबरीवरचा. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, शेवट सांगणार नाही. एका वैज्ञानिक प्रयोगासाठी जमिनीत खोल खणत असताना एक घनाकृती पेटी सापडते. ती आपल्या माहितीतल्या कुठल्याच संस्कृतीची नाही. आपल्या कितीतरी आधी इथे नांदून गेलेल्या, आपल्याहून पुढारलेल्या लोकांनी आपलं ज्ञान त्यात ठेवून दिलंय. आपले शास्त्रज्ञ ते उलगडत जातात आणि त्या आधारे एक यंत्रमानव तयार होतो. त्याचं नाव वामन. हा वामन हुशार आहे, नम्र आहे, कामसू आहे. त्याला फक्त एकच गोष्ट हवी आहे, स्वतःसारखे आणखी वामन तयार करण्याची विद्या. बस्स. एवढंच मागणं.

पुराणातल्या वामनानेही थोडीच जागा मागितली होती, हे आठवलं की अंगावर काटा येतो.

कादंबरी ऐंशीच्या दशकातली आहे. तेव्हा आपल्याकडे कॉम्प्युटर म्हणजे एसी खोलीत चपला काढून बघायची वस्तू होती. आज परिस्थिती काय? २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं आणि तेव्हापासून असाइनमेंट कोण लिहितं हे आपल्याला माहीत आहे आणि सरांनाही माहीत आहे. फायनल इयरच्या दर दुसऱ्या प्रोजेक्टच्या नावात ‘एआय’ घुसलंय. म्हणजे वामन दारात येऊन उभा आहे आणि आपण त्याला व्हायवाची उत्तरं विचारतोय!

आता जरा गणित करू, आपण इंजिनीअर आहोत ना. समजा एक यंत्र महिन्यात स्वतःसारखं एक यंत्र बनवतं आणि प्रत्येक नवं यंत्रही तेच करतं. पहिल्या महिन्याअखेरीस दोन, मग चार, मग आठ. कुणी घाबरत नाही. विसाव्या महिन्यात आकडा दहा लाखांच्या वर जातो, तिसाव्या महिन्यात शंभर कोटींच्या वर. स्वतःची प्रत काढणाऱ्या यंत्राचा सिद्धान्त जॉन फॉन नॉयमन यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस मांडायला घेतला होता. नारळीकरांनी त्याच कल्पनेला मराठी माणसाच्या ओळखीचं नाव दिलं. बुटका बटू आणि तीन पावलं. घातांकी वाढ समजावायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी कुठल्या टेक्स्टबुकात सापडलेलं नाही.

एक गंमत बघा. नारळीकर केंब्रिजला ज्यांच्या हाताखाली पीएचडी करत होते ते फ्रेड हॉइल स्वतः विज्ञानकथा लिहायचे. १९६१ मध्ये बीबीसीवर त्यांची आणि जॉन एलियट यांची ‘ए फॉर अँड्रोमेडा’ ही सात भागांची मालिका लागली. अंतराळातून संदेश येतो, त्यात एक संगणक बनवण्याची कृती असते, माणसं तो बनवतात आणि पस्तावतात. पाहुण्या ज्ञानावर किती विश्वास ठेवायचा हा प्रश्न गुरूने आकाशातून आणला, शिष्याने जमिनीखालून काढला! पण त्या मालिकेचे बहुतेक भाग बीबीसीने जपलेच नाहीत, आज ते बघायला मिळत नाहीत. इतक्या मोठ्या संस्थेच्या हातून असं होतं, तर आपल्याकडे जे मुळात बनलंच नाही ते जपणार कोण आणि कुठे?

‘अरे, पण मराठीत असले सिनेमे चालतात का?’ हा आमच्या विंगमधला ठरलेला प्रश्न. ‘तुंबाड’चं उदाहरण घ्या. नारायण धारपांच्या कथेवरून प्रेरणा घेतलेला सिनेमा २०१८ मध्ये आला तेव्हा जेमतेम चालला, आणि २०२४ मध्ये पुन्हा लावला तर पहिल्यापेक्षा जास्त गर्दी झाली. म्हणजे विचित्र गोष्टीला प्रेक्षक असतो, फक्त कधीकधी तो सहा वर्षं उशिरा येतो. बोचणारी गोष्ट एवढीच, की धारप मराठी, पण सिनेमा हिंदी. मराठीत २०१६ साली सुजय डहाके यांनी ‘फुंत्रू’ काढला होता. त्यात इंजिनीअरिंग कॉलेजातला पोरगा आवडत्या मुलीची होलोग्राम प्रतिमा बनवतो. प्रयत्न धाडसाचा होता, पण त्या वाटेवर पुढे रहदारी काही वाढली नाही.

बाकी कादंबरीवरून सिनेमा काढणं मराठीला नवं नाही. आपल्या कान्हे स्टेशनवरून पुण्याकडे दोन स्टेशनं गेलं की तळेगाव. गो. नी. दांडेकर तिथे राहायचे. त्यांच्या ‘पवनाकाठचा धोंडी’वर सिनेमा झाला, ‘माचीवरला बुधा’वर झाला, आणि ‘जैत रे जैत’वर जब्बार पटेलांनी १९७७ मध्ये केलेला सिनेमा तर आजही गाण्यांसकट पाठ असलेले लोक आहेत. म्हणजे आपल्या मावळातला तुंग आणि राजमाची कादंबरीतून पडद्यावर पोचले. डोंगर पोचतो, मग प्रयोगशाळा का पोचू नये?

यावर बजेटचा मुद्दा येतोच. हॉलीवूडसारखे इफेक्ट्स कुठून आणणार? माझं म्हणणं, आणूच नका! तारकोव्हस्कीचा ‘स्टॉकर’ (१९७९) बघा. स्ट्रुगात्स्की बंधूंच्या कादंबरीवरचा सिनेमा, गोष्ट परग्रहावरच्यांनी सोडून गेलेल्या प्रदेशाची. पडद्यावर काय दिसतं? गवत, पाणी, बंद पडलेलं वीजकेंद्र आणि तीन घाबरलेली माणसं. एवढ्यावर आपला श्वास अडकतो. जुलै महिन्यात कान्हे फाट्यावरून टाकव्याकडे जाताना धुकं उतरतं तेव्हा दहा फुटांपलीकडचं दिसत नाही. त्यात एक बंद शेड आणि शेडच्या खिडकीत एकच दिवा. सेट तयार आहे, भाडंही फारसं पडणार नाही.

मला खरी भीती वाटते ती वेगळीच. वामनाचा खलनायक करतील! २०१० च्या ‘एंधिरन’मध्ये, म्हणजे आपल्या ‘रोबोट’मध्ये, चिट्टी प्रेमात पडतो, बिघडतो आणि शेवटी शेकडो चिट्ट्यांचा गोळा होऊन फिरतो. मजा येते, शिट्ट्या पडतात, नाकारत नाही. त्या सिनेमाच्या संवादलेखकांत सुजाता या नावाने लिहिणारे एस. रंगराजन होते. भारत इलेक्ट्रॉनिक्समधले इंजिनीअर, आपल्या मतदान यंत्राच्या कामातही त्यांचा वाटा. तमिळमध्ये इंजिनीअर-लेखक थेट सिनेमात पोचला, याचा मला हेवाच वाटतो. पण वामन म्हणजे चिट्टी नव्हे. तो कुणाला मारायला निघत नाही, तो नम्रपणे मागतो. ज्याला नाही म्हणायला आपल्याला लाज वाटते असा तो आहे, आणि भीती तिथेच आहे. डोळे लाल करणारा यंत्रमानव दाखवला की ती भीती संपली.

उलट बाजूही मान्य करतो. नारळीकरांची पात्रं कधीकधी बोलायला लागली की लेक्चर सुरू झाल्यासारखं वाटतं. सिनेमात ते कापावं लागेल आणि खुशाल कापावं. पानापानाला चिकटून राहिलेला सिनेमा मला नकोच आहे. दोन गोष्टी मात्र ठेवा. वामनाचं ते साधं मागणं, आणि त्यावर आपसात भांडणारी आपली माणसं.

आणि ती माणसं मराठीत भांडली पाहिजेत. माझा सगळा हट्ट इथे आहे. आपलं काय होतं बघा. लेक्चर इंग्रजीत, जर्नल इंग्रजीत, व्हायवा इंग्रजीत. मराठी उरते ती मेसमध्ये आणि क्रिकेटच्या अपीलमध्ये. चाकण, हिंजवडीला नोकरी लागली की मीटिंगमध्येही तेच. हळूहळू आपल्यालाच वाटायला लागतं, की गंभीर, नव्या, अवघड गोष्टीचा विचार या भाषेत होतच नाही. नारळीकरांना हे कधी वाटलं नाही. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून! आपलं नाव बघून नव्हे, तर कथा बघून निकाल लागावा म्हणून. पहिलं बक्षीस मिळालं. आंतरराष्ट्रीय कीर्तीचा माणूस मराठीच्या स्पर्धेत टोपणनावाने उतरतो, आणि आपण मराठीत व्हॉट्सअॅप स्टेटस ठेवायलाही लाजतो!

२० मे २०२५ रोजी नारळीकर पुण्यात गेले. त्यांच्या हयातीत वामन पडद्यावर आला असता तर त्यांना बघता आला असता, ती संधी गेली. पण कादंबरी आहे, विषय दारात आहे आणि सिनेमाचे कॅमेरे आता खिशात मावतात.

तेव्हा दिग्दर्शक मंडळींनी मनावर घेईपर्यंत आपण एवढं तरी करू. लायब्ररीत ‘वामन परत न आला’च्या चार प्रती मागवाव्यात ही सर-मॅडमना विनंती. आणि गॅदरिंगला यंदा तेच ते रिमिक्स डान्स एकाने कमी करून अर्धा तास या कादंबरीवर वाद घालू. ‘वामनाला ती विद्या द्यावी की देऊ नये?’ कॉम्प्युटरवाले एका बाजूला, मेकॅनिकलवाले दुसऱ्या. भाषा मराठी. माझं नाव ‘देऊ नये’ या बाजूला आत्ताच लिहून ठेवा.