बिबट्याला दूर नेऊन सोडावे का?

चाकण हे नाव ऐकले की आपल्या डोळ्यांसमोर काय येते? मोटारींचे कारखाने, मालाने भरलेले ट्रक, पाळी सुटल्यावर रस्त्यावर होणारी कामगारांची गर्दी आणि कांद्याचा मोठा बाजार. अशा गजबजलेल्या ठिकाणी एखादा वन्य प्राणी येईल, असे कोणाला वाटेल? पण २१ मार्च २०२२ रोजी चाकणच्या मर्सिडीज-बेंझ कारखान्यात चक्क एक बिबट्या शिरला. कामगारांना बाहेर काढण्यात आले. काही तास काम बंद राहिले. वनखात्याची माणसे आणि जुन्नरजवळच्या माणिकडोह येथील बिबट निवारा केंद्राचे पथक तेथे पोहोचले. त्यांनी दुरून भुलीचे इंजेक्शन मारून बिबट्याला बेशुद्ध केले व सुरक्षितपणे बाहेर काढले. तो दोन-तीन वर्षांचा नर होता.

विद्यार्थी मित्रांनो, अशी बातमी आली की पिंपरी, भोसरी, मोशी, चाकण या सगळ्या भागांत तिचीच चर्चा सुरू होते. चहाच्या टपरीवर, बसमध्ये, शाळेच्या फाटकाशी एकच वाक्य कानावर पडते : "पकडा त्याला आणि दूर जंगलात सोडून या!" हे बोलणे सरळ आणि शहाणपणाचे वाटते. परंतु माझ्या मते ते बरोबर नाही. का नाही, हे समजून घेण्यासाठी आधी या प्राण्याची नीट ओळख करून घेऊ.

मराठीत ज्याला आपण बिबट्या किंवा बिबळ्या म्हणतो, त्याला उर्दूत तेंदुआ म्हणतात. पुष्कळ लोक त्याला चुकून चित्ता म्हणतात. चित्ता हा वेगळा प्राणी आहे. चित्त्याच्या अंगावर भरीव काळे ठिपके असतात आणि डोळ्यांपासून तोंडापर्यंत अश्रूंसारखी काळी रेघ असते. बिबट्याच्या अंगावरचे ठिपके फुलाच्या पाकळ्यांसारखे गोलाकार जुळलेले असतात. भारतातील चित्ते नामशेष झाल्याचे १९५२ साली जाहीर झाले. २०२२ साली आफ्रिकेतून काही चित्ते आणून मध्य प्रदेशातील कुनो येथे ठेवण्यात आले. बिबट्या मात्र आपल्या देशातून कधीच गेला नाही. २०२२ सालच्या मोजणीनुसार भारतात सुमारे १३,८७४ आणि महाराष्ट्रात सुमारे १,९८५ बिबटे होते. ही मोजणी मुख्यतः जंगलांतली आहे. उसाच्या शेतात राहणारे बिबटे तिच्यात फारसे आलेले नाहीत.

होय, उसाच्या शेतात! बिबट्या जंगलातच राहतो, हा आपला समज आहे. पण त्याला राहायला घनदाट अरण्यच लागते असे नाही. लपायला जागा, प्यायला पाणी आणि खायला भक्ष्य एवढे मिळाले की तो कोठेही राहतो. तो एकटा राहतो, दिवसा दडून बसतो आणि रात्री हिंडतो. उंदीर, ससा, माकड, रानडुक्कर, शेळी, कुत्रा असे जे मिळेल ते खातो. त्यामुळेच वाघ जेथून नाहीसा झाला, तेथेही बिबट्या तग धरून राहिला.

आता आपल्या भागाचा नकाशा पाहा. भोसरीहून नाशिक रस्त्याने निघाले की मोशी, चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव अशी गावे लागतात. या पट्ट्याच्या पश्चिमेला सह्याद्रीचे डोंगर व भीमाशंकरचे जंगल आहे. डोंगरातून भीमा, भामा, घोड, कुकडी, मीना अशा नद्या वाहत येतात. या नद्यांवर धरणे झाली, कालवे निघाले आणि कोरडवाहू जमिनीत ऊस उभा राहिला. शेतकऱ्याचे भले झाले. त्याबरोबरच बिबट्यालाही घर मिळाले. उंच, दाट, थंडगार उसात तो वर्षातले कित्येक महिने कोणाच्या नजरेस न पडता राहू शकतो. मादी तेथेच पिल्ले देते. ऊसतोडणीच्या वेळी मजुरांना ही पिल्ले सापडतात. तेव्हा वनखात्याचे लोक ती पिल्ले संध्याकाळी त्याच शेतात खोक्यात ठेवतात. रात्री आई येते, पिल्लाला तोंडात अलगद धरते आणि घेऊन जाते. माणसाचा हात लागला म्हणून ती त्याला टाकून देत नाही.

दीड-दोन वर्षांची झाल्यावर पिल्ले आईला सोडतात. तरुण नराला स्वतःचा नवा मुलूख शोधावा लागतो. त्यासाठी तो रात्री लांबवर चालतो. वाटेत रस्ता येतो, वस्ती येते, कारखान्याची भिंत येते. चाकणच्या कारखान्यात सापडलेला नर याच वयाचा होता. कारखान्यात शिरणारा बिबट्या माणसांवर चालून आलेला शत्रू असतो, असे आपण धरून चालतो. पुष्कळदा तो वाट चुकलेला तरुण प्राणी असतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. अशा बिबट्याला पकडून दूर सोडले तर काय बिघडले? हा प्रयोग आपल्याच जिल्ह्यात होऊन गेला आहे. २००१ ते २००३ या काळात जुन्नर भागातील पुष्कळ बिबटे पकडून दुसरीकडच्या जंगलात सोडण्यात आले. हेतू चांगला होता. पण विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर त्याचा अभ्यास केला, तेव्हा उलटाच परिणाम दिसला. माणसांवरील हल्ले कमी होण्याऐवजी चौपटीहून अधिक वाढले. जीवघेण्या हल्ल्यांचे प्रमाण दुप्पट झाले. जेथे बिबटे सोडले, त्या जागांच्या आसपास हल्ले अधिक झाले.

असे का झाले असावे? विचार करा, तुम्हाला कोणी रात्री उचलून अनोळखी शहरात नेऊन सोडले तर काय होईल? वाट माहीत नाही, पाणी कोठे ते माहीत नाही, आणि त्या जागेवर आधीच दुसऱ्यांचा हक्क आहे. पिंजऱ्यात घाबरलेला, माणसांच्या गोंगाटाने बावरलेला प्राणी अशा जागी शांत राहत नाही. शिवाय तो तेथे राहील याचाही भरवसा नसतो. २००९ साली पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेल्या एका वयस्क नराला बाहेर काढले. त्याच्या गळ्यात रेडिओ पट्टा बांधला आणि त्याला माळशेज घाटाजवळ सोडले. संशोधकांनी त्याचे नाव 'आजोबा' ठेवले. हा आजोबा सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोहोचला! त्याच्यावर २०१४ साली 'आजोबा' नावाचा मराठी चित्रपटही निघाला.

आणखी एक गोष्ट. एक बिबट्या नेला म्हणून ती जागा रिकामी राहत नाही. ऊस तेथेच असतो, पाणी तेथेच असते, कुत्रीही तेथेच असतात. मग काही दिवसांनी दुसरा बिबट्या तेथे येतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले परिसरात विद्या अत्रेय यांनी केलेल्या अभ्यासात दर १०० चौरस किलोमीटरमध्ये सुमारे ५ मोठे बिबटे आढळले. तेथे मोठे जंगल नाही. शेते आहेत, आणि दर चौरस किलोमीटरला ३०० हून अधिक माणसे राहतात. तेथील बिबट्यांच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा होता.

येथे कोणी मला विचारील, "तुम्हाला बिबट्याची एवढी काळजी, मग माणसांची नाही का?" हा प्रश्न रास्त आहे. २०२५ सालच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत तीन माणसांचा बळी गेला. त्यांत दोन मुले होती. ज्या घरातले मूल गेले, त्या घराला बिबट्याचे कौतुक सांगणे हा निर्दयपणा ठरेल. जो बिबट्या माणसांवर हल्ले करू लागला आहे, त्याचा तातडीने बंदोबस्त झालाच पाहिजे. कायद्यातही त्याची तरतूद आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की, नुसता दिसला म्हणून प्रत्येक बिबट्या पकडणे आणि दुसऱ्याच्या गावाजवळ सोडणे याने माणसे सुरक्षित होत नाहीत. उलट धोका वाढतो, हे जुन्नरच्या अनुभवाने दाखवले आहे. माणसाची काळजी असेल तर हा अनुभव विसरून चालणार नाही.

मग करायचे काय? पहिली गोष्ट कचऱ्याची. हॉटेलांमागे, मंगल कार्यालयांमागे, मांसाच्या दुकानांमागे उरलेले अन्न उघड्यावर टाकले जाते. त्यावर भटकी कुत्री वाढतात. कुत्र्यांमागे बिबट्या येतो. म्हणजे वस्तीत येण्याचे आमंत्रण आपणच त्याला देतो. कचरा वेळेवर उचलला जाणे, हाही बिबट्यापासून बचावाचा एक उपाय आहे.

दुसरी गोष्ट अंधाराची. शेताकडेच्या वस्तीत रस्त्यावर आणि शौचालयाजवळ दिवा हवा. शेळ्या-मेंढ्या रात्री बंद गोठ्यात हव्यात. संध्याकाळनंतर लहान मुलांनी उसाच्या कडेने एकटे जाऊ नये; मोठ्यांसोबत, मोठ्याने बोलत जावे. वाकलेला किंवा खाली बसलेला माणूस बिबट्याला लहान प्राण्यासारखा दिसू शकतो. कामगारांच्या अनेक वस्त्या शेतांना लागून आहेत. त्यांना दिवा आणि शौचालय देणे हे काम नगरपालिका, ग्रामपंचायत आणि कारखाने यांचे आहे.

तिसरी गोष्ट गर्दीची, आणि ती तुमच्या हातात आहे. बिबट्या दिसला की शेकडो लोक धावतात. कोणी दगड मारतो, कोणी मोबाईलवर चित्रण करतो, कोणी झाडावर चढतो. पळायला वाट उरली नाही की घाबरलेला बिबट्या समोर येईल त्याच्यावर झेप घेतो. तुम्हाला कुतूहल आहे, हे चांगलेच आहे. कुतूहलातूनच ज्ञान मिळते. परंतु खरा जिज्ञासू लांबून पाहतो, पुस्तकातून शिकतो आणि जाणत्यांना विचारतो. म्हणून बिबट्या दिसला तर मागे फिरा, मोठ्या माणसांना सांगा आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. पाठ दाखवून पळू नका. त्याला जायला वाट मोकळी ठेवा.

सह्याद्रीच्या कुशीतील जुन्या गावांत वाघोबाचे ठाणे असते. गावकरी त्याला नमस्कार करतात. बिबट्या शेजारी आहे हे त्यांना माहीत होते, आणि त्या शेजाऱ्याला ओळखून त्यांनी आपले दिवस काढले. आपण कारखाने आणि इमारती बांधून तेथे नव्याने राहायला आलो आहोत. आपल्यालाही तो शेजार शिकावा लागेल.

म्हणून यापुढे कोणी म्हणाले, "बिबट्याला दूर सोडून या," तर त्यांना अदबीने एक प्रश्न विचारा : "दूर म्हणजे कोणाच्या गावाजवळ?" कारण आपल्याला जे दूर वाटते, तेथेही कोणाचे तरी घर असते, शाळा असते, आणि संध्याकाळी अंगणात खेळणारी मुले असतात.