आजार रेड्याला, औषध पखालीला : घसरणारा पट्टा आणि बदललेला क्लच

निफाड, दिंडोरी, चांदवड या तालुक्यांतील द्राक्षबागांत ऑक्टोबरच्या छाटणीनंतरचे दिवस फार मोलाचे असतात. कोवळ्या फुटीवर पाऊस पडला की केवडा रोगास वाट मिळते, आणि मग फवारणीस एका दिवसाचा विलंबही बागाइतदारास परवडत नाही. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील अवकाळी पावसाने जिल्ह्यातील बागांची जी हानी केली, तिची आठवण पुसली गेलेली नाही. अशा घाईच्या वेळी पॉवर टिलरचा अथवा फवारणीपंपाचा पट्टा घसरू लागला, तर शेतकऱ्याचा जीव कासावीस होणे स्वाभाविक आहे. परंतु त्या घाईत जे उपाय सर्रास योजिले जातात, त्यांविषयी चार शब्द स्पष्टपणे लिहिणे आवश्यक वाटते.

पहिला उपाय राळेचा. पूर्वी पिठाच्या गिरणीवर व तेलइंजिनावर सपाट पट्टे चालत, आणि त्यांस राळ लावण्याची चाल होती. आजचा पट्टा इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचा आहे. तो चिकटपणावर चालत नाही. पुलीच्या खाचेत पाचरीसारखा बसून तो खाचेच्या दोन्ही बाजूंस आवळून धरतो. या पाचरीमुळेच त्याची पकड सपाट पट्ट्याच्या सुमारे तिप्पट होते. त्याला राळ फासल्याने घटकाभर आवाज थांबतो. नंतर तीवर धूळ बसते, कडा झिजतात आणि पट्टा अकाली निकामी होतो.

दुसरा उपाय पट्टा वीणेच्या तारेसारखा ताणण्याचा. त्यामुळे घसरण थांबते खरी, पण तो सारा भार बेअरिंगवर व दांड्यावर पडतो. पट्टा वाचविण्यासाठी त्याहून कितीतरी महाग भाग गमावणे हा व्यवहार शहाणपणाचा नव्हे.

तिसरा उपाय सर्वांत घातक, तो म्हणजे यंत्राची मूळ रचनाच बदलण्याचा. इंजिनावरील १०० मिलिमीटरची पुली काढून १२० मिलिमीटरची बसविली की पंपाचा वेग २० टक्क्यांनी वाढतो. परंतु त्याच नोझलांतून तितके जादा पाणी दवडावयाचे म्हटल्यास दाब सुमारे दीडपट व शक्ती सुमारे पावणेदोन पट लागते. एवढी शक्ती पट्टा कोठून वाहणार? तो घसरतोच, आणि दोष मात्र पट्टा करणाऱ्यास दिला जातो.

कोळपणीच्या अनेक लहान यंत्रांत तर पट्टा हाच क्लच असतो. मुठीजवळचा दांडा दाबला की तारेने ओढलेली ताणपुली पट्ट्यावर टेकते व यंत्र चालू लागते; दांडा सोडला की पट्टा सैल होऊन ते थांबते. तार लांबली की ताण कमी पडतो व पट्टा घसरतो. तारेचे पेच एक-दोन आटे फिरविले तर बहुधा काम भागते. त्याऐवजी काही जण जाड स्प्रिंग बसवितात, तर काही जण दांडाच सुतळीने बांधून टाकतात. आता हात सुटला तरी यंत्र थांबत नाही. द्राक्षाच्या दोन ओळींत यंत्र मागे घेताना माणूस खांब व यंत्र यांमध्ये सापडला, तर त्याचा जीव त्या बांधलेल्या दांड्यावर अवलंबून असतो. मळणीयंत्रांवर हातपाय गमावणाऱ्यांची संख्या पाहूनच १९८३ साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा करावा लागला, हे विसरता येत नाही.

मग करावे काय? प्रथम इंजिन बंद करून ते थंड होऊ द्यावे. पुल्या फिरतात परंतु चाके थांबतात, असे कामात दिसले असेल तर दोष क्लचच्या चकत्यांत शोधावा. पट्टा तापला असेल, त्याच्या कडा आरशासारख्या चकाकत असतील वा जळक्या रबराचा वास येत असेल, तर दोष पट्ट्याच्या बाजूस आहे. दोन्ही पुल्यांच्या तोंडावर दोरी ताणून धरावी. ती चारही ठिकाणी टेकली तर पुल्या सरळ रेषेत आहेत. खाचेचा तळ चकाकत असेल तर खाच झिजली असून पट्टा तळाला टेकत आहे. तेथे नवा पट्टाही घसरणारच, पुलीच बदलावी. तेल लागले असल्यास साबणाच्या पाण्याने पुसावे, डिझेल-पेट्रोलने नव्हे. आणि तेलाची गळती आधी बंद करावी. ताण माहितीपुस्तिकेप्रमाणे ठेवावा. ती नसल्यास दोन पुल्यांमधील दर मीटरला सुमारे १६ मिलिमीटर दबेल, इतका ताण सर्वसाधारणपणे पुरतो. तीन-चार पट्टे एकत्र चालत असतील तर सर्व एकदमच बदलावेत. नवा पट्टा काही तास चालल्यावर पुन्हा तपासावा. काम संपताच झाकण जागेवर बसवावे.

‘फवारणी उद्यावर टाकता येत नाही, मग एवढी तपासणी करावयास वेळ कोठून आणावा?’ असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. म्हणूनच ही तपासणी छाटणीपूर्वी व्हावी आणि योग्य क्रमांकाचा एक जादा पट्टा घरी असावा, असे आमचे मत आहे. २०१४-१५ पासून कृषी यांत्रिकीकरणाच्या उपअभियानातून यंत्रांसाठी अनुदान मिळू लागले, ही आनंदाची गोष्ट आहे. तथापि यंत्र देणे हे अर्धेच काम झाले. ते राखण्याची विद्याही त्याबरोबर गावात पोहोचली पाहिजे. सप्टेंबरमध्ये गावोगाव एक दिवस यंत्रतपासणीचा ठरवावा आणि अवजारे भाड्याने देणाऱ्या केंद्रांनी प्रत्येक यंत्राच्या पट्ट्याचा क्रमांक व बदलीची तारीख वहीत नोंदवावी. यास मोठा खर्च नाही, केवळ शिस्त लागते.

घसरणारा पट्टा हा यंत्राने दिलेला इशारा होय. तो ऐकून मूळ दोष दूर करणाऱ्याची फवारणी वेळेवर होईल. पखालीला औषध देत बसणाऱ्याचा रेडा मात्र ऐन घाईत खाली बसेल.