विश्लेषण : जुनी गाडी देऊन दुसरी घेताना सौदा नेमका कधी पूर्ण होतो?

दिल्लीत लाल किल्ल्याजवळ १० नोव्हेंबर २०२५ रोजी ज्या मोटारीत स्फोट झाला, ती हरयाणात नोंदवलेली होती. पोलीस आधी पोहोचले ते कागदोपत्री मालकाकडे. त्याने गाडी पूर्वीच विकली होती आणि ती पुढे अनेक हातांतून गेली होती. या घटनेमुळे वापरलेल्या गाड्यांच्या बाजारातील जुने दुखणे पुन्हा समोर आले. घासाघीस किमतीची होते, पण विकणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाही खरा फटका बसतो तो आरसीवरच्या नावामुळे.

गाडी विकली, तरी जबाबदारी कुणाची?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५० नुसार विक्रीची माहिती विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला द्यायची असते. त्यासाठी नमुना २९ आणि नमुना ३० आहेत. प्रत्यक्षात या कोऱ्या अर्जांवर सह्या घेतल्या जातात आणि पुढचा गिऱ्हाईक मिळेपर्यंत ते दलालाच्या कपाटात पडून राहतात. त्या काळात अपघात झाला, तर कायदा आरसीवरच्या नावाकडे पाहतो.

सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात फेब्रुवारी २०१८ मध्ये हेच स्पष्ट केले. त्यातील गाडी एकापाठोपाठ एक विकली गेली होती, मात्र नोंदणी मूळ मालकाच्याच नावावर होती. २००९ मध्ये त्या गाडीचा अपघात झाला. भरपाईसाठी मालक कोण, तर नोंदवहीत ज्याचे नाव आहे तो, असा निर्णय न्यायालयाने दिला. अपघातग्रस्ताने एका खरेदीदाराकडून दुसऱ्याकडे खेटे घालत राहावे, हे कायद्याला अपेक्षित नाही, ही त्यामागची भूमिका होती.

शोरूमला गाडी दिली की सुटका होते का?

आपोआप होत नाही. यासाठी केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. त्यानुसार जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याने परिवहन विभागाकडून अधिकारपत्र घ्यायचे असते. मालकाने अशा विक्रेत्याला गाडी सोपवली की नमुना २९ सी भरून तशी सूचना ऑनलाइन द्यायची. त्यानंतर विक्रेता त्या गाडीचा मानीव मालक ठरतो आणि तिच्यासंबंधीच्या घटनांची जबाबदारी त्याच्यावर येते. गाडी चाचणीसाठी किंवा दुरुस्तीसाठी बाहेर काढल्यास फेरीची नोंदही त्याने ठेवायची असते.

म्हणून एक्स्चेंजमध्ये गाडी देताना पहिला प्रश्न ‘किती देणार?’ इतकाच ‘अधिकारपत्र आहे का?’ हाही असायला हवा. ते नसेल तर नाव बदलेपर्यंत जोखीम मूळ मालकाकडेच राहते. अशा वेळी गाडी दिल्याची तारीख, वेळ, किलोमीटरचा आकडा आणि घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत असलेली पोच ठेवावी. फास्टॅग बंद करावा. विक्रीची सूचना आरटीओला मुदतीत द्यावी.

दर इतके का बदलले?

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या मोटारींवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि उपकरही गेला. मोठ्या मोटारींना उपकर काढून ४० टक्के दर लागू झाला. नवी गाडी स्वस्त झाली की त्याच मॉडेलची जुनी गाडीही उतरते. त्यामुळे तीन वर्षांपूर्वीचे बिल दाखवून मालक जो भाव मागतो, तो आता बाजारात मिळत नाही. घेणाऱ्यानेही तुलना करायची ती आजच्या नव्या गाडीच्या किमतीशी.

जुन्या गाडीवर जीएसटी कुणी भरायचा, याबाबत डिसेंबर २०२४ मध्ये गोंधळ उडाला होता. जैसलमेरच्या बैठकीत जीएसटी परिषदेने सर्व जुन्या गाड्यांसाठी १८ टक्के दर ठरवला. मात्र हा कर नोंदणीकृत व्यावसायिकाच्या नफ्यावर लागतो, पूर्ण किमतीवर नाही. विक्रेत्याने ४ लाखांना घेतलेली गाडी साडेचार लाखांना विकली, तर ५० हजारांवर साधारण ९ हजार कर होईल. दोन सामान्य व्यक्तींमधील व्यवहाराला तो लागू नाही.

एक्स्चेंजचा हिशेब कसा करायचा?

गाडीची किंमत आणि एक्स्चेंज बोनस यांचे आकडे वेगवेगळे लिहून घ्यावेत. अनेकदा बोनस मोठा दाखवून गाडीचा भाव पाडला जातो, किंवा जुन्या गाडीला चढा भाव देऊन दुसऱ्या गाडीवरची सवलत काढून घेतली जाते. शेवटी पाहायची ती खिशातून जाणारी फरकाची रक्कम. समजा, एका ठिकाणी जुन्या गाडीचे ३ लाख धरून साडेसहा लाखांची गाडी मिळते. तीच जुनी गाडी बाहेर ३ लाख ३० हजारांना जात असेल, तर सोयीची किंमत ३० हजार झाली. ती मोजायची की नाही, हा मग प्रत्येकाचा निर्णय.

विम्यातला ‘नो क्लेम बोनस’ गाडीचा नसून मालकाचा असतो. सलग पाच वर्षे दावा केला नसेल तर तो ५० टक्क्यांपर्यंत जातो. गाडी देताना विमा कंपनीकडून त्याचे पत्र घेतले, तर तीन वर्षांच्या आत पुढच्या गाडीला ही सवलत वापरता येते. अनेक जण हे पत्र मागायचेच विसरतात.

घेताना काय तपासावे?

आरसीवरचा चासी आणि इंजिन क्रमांक प्रत्यक्ष गाडीवर जुळवून पाहावा. परिवहनच्या संकेतस्थळावर थकीत ई-चलन, विमा आणि कर्जाचा बोजा तपासावा. बोजा असेल तर बँकेचे ना हरकत पत्र व नमुना ३५ हवा आणि आरसीवरून नोंद उतरलेली हवी. एप्रिल २०१९ पूर्वी नोंदवलेल्या गाडीला उच्च सुरक्षा पाटी बसवली आहे का, हेही पाहावे.

ओडोमीटरचा आकडा सर्व्हिसच्या नोंदींशी ताडून बघावा. टायरवरचे चार अंक बनावटीचा आठवडा आणि वर्ष सांगतात. ‘२३२१’ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. कमी पळालेल्या गाडीला चारही टायर नवे असतील, तर कारण विचारावे. चिपळूण, सांगली, कोल्हापूरच्या पुरांनंतर पाण्यात बुडालेल्या गाड्यांची धास्ती राज्याला नवी नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिला, तर चिखलाची रेघ दिसू शकते. सीटखालचा गंज आणि गालिच्याचा कुबट वासही बरेच सांगून जातो. ओळखीचा मेकॅनिक सोबत असलेला बरा.

परराज्यातील स्वस्त गाडी परवडते का?

दिल्ली परिसरात १० वर्षांच्या डिझेल आणि १५ वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले, तेव्हापासून तिथल्या गाड्या इतर राज्यांत स्वस्तात येतात. पण १२ महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवलेल्या गाडीची तिथे नव्याने नोंदणी करावी लागते. त्यासाठी मूळ आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र आणि महाराष्ट्राचा कर भरणे आले. गाडी १५ वर्षांजवळ आलेली असेल, तर नूतनीकरणाचे ५ हजार शुल्क, फिटनेस तपासणी आणि पर्यावरण कर जवळच उभे असतात. हे सारे मिळवल्यावर स्वस्ताई किती उरते, ते आधी मांडावे.

शेवटचा हप्ता कधी द्यावा?

शक्य असेल तर थोडी रक्कम नाव बदलेपर्यंत हातात ठेवावी आणि ते करारात लिहावे. नव्या मालकाला तृतीय पक्ष विमा गाडीबरोबर मिळतो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण मात्र १४ दिवसांत कंपनीला कळवून नावावर करून घ्यावे लागते. विकणाऱ्याने काही आठवड्यांनी आपल्या जुन्या गाडीचा क्रमांक परिवहनच्या संकेतस्थळावर टाकून पाहावा. तिथे मालकाचे नाव बदललेले दिसले, की सौदा पूर्ण झाला.